मशीन विकू, की काकांना नाही म्हणू?

प्रश्न : पत्र दापोली तालुक्यातलं आहे. लिहिणारे गृहस्थ चाळिशीचे, विकास सोसायटीत नोकरीला, घरचं छोटं आगर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा त्यांच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, दोन माड आणि एक जुना आंबा आडवा झाला. वाट मोकळी करायला माणूस मिळेना, वीज किती दिवसांनी आली ते आठवूनही नको वाटतं, असं ते लिहितात. पावसाळा संपल्यावर त्यांनी पेट्रोलवर चालणारी चेन सॉ ऑनलाइन मागवली, ५८ सीसीची, २२ इंची पट्टीची (चेन जिच्याभोवती फिरते ती). वाडीत अशी मशीन दुसऱ्या कुणाकडे नाही. त्यामुळे कुणाचा माड पडला, कुणाला जळण हवंय, कुणाची फांदी तारेवर आली, की यांना हाक येते. पैसे घेत नाहीत. गेल्या महिन्यात शेजाऱ्यांच्या आंब्याची फांदी शिडीवर उभं राहून कापताना मशीन एकदम उसळून मागे आलं. डाव्या खांद्यावर शर्ट फाटला, खाली कातडी सोलवटली. बायको म्हणते, मशीन विका. आई म्हणते, वाडीत राहायचं तर चार माणसांना नाही म्हणून चालत नाही. आता चुलतकाकांना घराच्या कौलांवर कललेला फणस पावसाआधी तोडून हवा आहे. काकांचा एकोणीस वर्षांचा नातू अधूनमधून मशीन मागून नेतो, तो भाग वेगळाच. ते विचारतात : "माझा हात चांगला बसला आहे, व्हिडिओ बघून सगळं शिकलो आहे. एकदा असं झालं म्हणून मशीन विकणं हा घाबरटपणा नाही का? आणि नाही विकलं तर काकांना नाही कसं म्हणू?" ताजा कलम असा, की नवी चेन लावली तरी दोन माडांनंतर भुसा पिठासारखा पडतो, तो का?

उत्तर :

खांदा कसा आहे आता? पत्रात त्याबद्दल जेमतेम एक ओळ आहे आणि काकांच्या फणसाबद्दल दीड पान, म्हणून आधी विचारते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं असेल असं धरून चालते.

त्या एका ओळीकडेच थोडा वेळ थांबू या. 'मशीन एकदम उसळलं' असं तुम्ही लिहिलंय, जसा काही बैल उधळला. पण मशीनला लहर येत नाही. पट्टीचं टोक गोल असतं, त्या गोलाचा वरचा पाव भाग हे या यंत्राचं सगळ्यात वाईट ठिकाण. चेन पट्टीच्या वरून पुढे धावते, टोकाला वळते आणि खालून तुमच्याकडे परत येते. खालच्या अंगाने कापताना मशीन लाकडात ओढलं जातं, वरच्या अंगाने कापताना ते तुमच्याकडे ढकललं जातं. हे दोन्ही हाताला जाणवतं आणि सावरता येतं. टोकाच्या त्या वरच्या पाव भागाला मात्र काही लागलं, मागची दुसरी फांदी, एखादा खुंट, गडग्याचा चिरा, की दात तिथे अडतो आणि चेनचा सगळा जोर उलटून पट्टीवर येतो. पट्टी वर आणि मागे फिरते, कापणाऱ्याच्या माना-तोंडाच्या दिशेने. पूर्ण रेसवर चेन सेकंदाला साधारण २० मीटर धावत असते, म्हणजे ताशी सत्तरेक किलोमीटर. दिसलं, कळलं आणि हात हलला, एवढ्याला माणसाला पाव सेकंद लागतो. तोवर पट्टी येऊन गेलेली असते.

आता तुमचीच फांदी घ्या. तुम्ही ती मनगटाहून थोडी जाड होती असं लिहिलंय. पट्टी २२ इंची. म्हणजे कापत असताना पट्टीचा फूट-दीड फूट भाग फांदीच्या पलीकडे, पानांत होता. तो तिथे कशाला लागला, हे तुम्हाला शिडीवरून दिसणं शक्यच नव्हतं. आणि एक विचारते, त्या वेळी डावा हात कुठे होता? पुढच्या मुठीवर, की शिडीला? पुढच्या मुठीसमोर जो काळा गार्ड असतो, तो चेनब्रेक. पट्टी उसळली की डावं मनगट त्याच्यावर आदळतं आणि चेन थांबते. काही मशीनमध्ये नुसत्या झटक्यानेही ब्रेक लागतो. पण हात शिडीला असेल तर मनगट आदळणार कुठे? शिडीवर माणसाला तोल सावरायला एक हात हवाच असतो आणि या मशीनला दोन्ही हात हवे असतात. हे गणित कितीही काळजी घेतली तरी जुळत नाही.

म्हणून 'मी लक्ष ठेवून काम करतो' या वाक्यावर माझा फारसा भरवसा नाही. लक्ष ठेवायचं ते मशीन सुरू करायची दोरी ओढण्याआधी. मी कुठे उभा आहे, टोक कुठे जाणार आहे, फांदी कुठल्या बाजूला ताणलेली आहे, हे आधी ठरलेलं असेल तर उसळलेली पट्टी तुमच्या शेजारून जाते. मशीन सुरू झाल्यावर फक्त ठरवलेलं करायचं.

दुसरी गोष्ट हात बसण्याची. हात बसला यात शंका नाही. इतकी वर्षं एवढी लाकडं कापल्यावर बसणारच. पण या कामात चुकीची पद्धतसुद्धा दहापैकी नऊ वेळा निभावून जाते, आणि निभावली की ती बरोबर होती असं वाटायला लागतं. चप्पल घालून केलं, काही झालं नाही. खांद्याच्या वर मशीन नेलं, काही झालं नाही. शिडीवर चढून केलं, तेव्हाही आधी कितीदा तरी काही झालं नसणार. सवय झाली म्हणजे शिकलो, असं नाही. व्हिडिओंचंही तसंच आहे. त्यातले बरेचसे थंड प्रदेशातल्या सरळसोट सूचीपर्णी झाडांचे असतात, सपाट जमिनीवर, पायात जाड बूट. तुमच्याकडे जांभ्याचे टप्पे, निसरडी पाखाडी आणि माड. पुढून खाच घ्यायची, मागून कापत यायचं आणि मध्ये खोडाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी बिजागरी शिल्लक ठेवायची, म्हणजे झाड ठरल्या दिशेने कलतं, ही पद्धत आंब्याला किंवा सागाला चालते. माडाचं खोड बाहेरून टणक आणि आतून भुसभुशीत, सगळं तंतूंचं. ती बिजागरी तशीच काम करेल हे गृहीत धरता येत नाही. उभा माड पाडायचा तर दोर लावणारा आणि माड पाडलेला माणूस सोबत हवा. पडलेला माड कापणं वेगळं.

आता घरातल्या भांडणाबद्दल. तुम्ही बायको आणि आई यांना दोन पक्षांसारखं मांडलंय. मला त्या दोघी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताना दिसतात. बायकोला तो फाटलेला शर्ट धुवायला मिळाला होता. तिचं म्हणणं अंगाबद्दल आहे. आईचं म्हणणं माणसांबद्दल आहे आणि तेही खोटं नाही. मयताला खांदा द्यायला, रात्री दवाखान्यात न्यायला वाडीच येते. मशीन विकल्याने बायकोचा प्रश्न सुटतो, आईचा नाही. जो येईल त्याला हो म्हणत राहिल्याने आईचा सुटतो, बायकोचा नाही.

घाबरटपणाबद्दल विचारलंत म्हणून सांगते. ज्याला मांडी झाकणारं कवच, कान झाकणारं हेल्मेट आणि बूट यांवर पैसे घालायचे नसतील, त्याने मशीन विकलेलं उत्तम, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तुम्ही विकावं असा माझा आग्रह नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्यावरून गेलं तेव्हा तुमच्या वाडीची वाट तुम्ही दुपारपर्यंत मोकळी केलीत, असं तुम्हीच लिहिलंय. पुढच्या वेळी तुम्ही नसाल तर कुणीतरी उसनं मशीन आणून, तुमच्याइतकंही माहीत नसताना करेल. मशीन राहू दे. कामं मात्र वेगळी करा.

म्हणजे काय, तर नकार माणसाला द्यायचा नाही, कापाला द्यायचा. काका आहेत की शेजारी, गरीब आहे की सरपंच, हे बघायचंच नाही. पाय जमिनीवर, पट्टी खांद्याच्या खाली, खोड आडवं पडलेलं आणि स्थिर, आजूबाजूला तार नाही, एवढं जमत असेल तर हो. शिडी, फांदीवर चढणं, उभं झाड, दुसऱ्या झाडात अडकून राहिलेलं झाड, घरावर किंवा तारेवर कललेलं झाड, यांना नाही. तारेवरची फांदी तर महावितरणचीच. १९१२ वर कळवायचं आणि ते येऊन वीज बंद केल्याचं सांगेपर्यंत त्या झाडाला हातही लावायचा नाही. ओली फांदी, वर ओला माणूस, आणि कुणाच्या तरी इन्व्हर्टरमधून उलटी आलेली वीज, हा धोका 'फीडर, म्हणजे गावाकडे येणारी लाइन, बंद आहे' एवढ्यावर जात नाही. हे नियम कागदावर लिहून पडवीत लावा. थोडं नाटकी वाटेल, पण वाडीत तोंडी नियमाला सवलत मागतात, लिहिलेल्याला कमी मागतात.

आडव्या खोडातही दोन गोष्टी आहेत, त्या वादळानंतर हटकून समोर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पडलेलं खोड बहुतेक वेळा कुठेतरी टेकलेलं आणि कुठेतरी अधांतरी असतं, म्हणजे वाकलेलं असतं. वाकलेल्या लाकडात एक बाजू दाबलेली आणि दुसरी ताणलेली. खोड दोन टोकांना टेकलंय आणि मध्ये पोकळ आहे, उदाहरणार्थ दोन गडग्यांवर पडलेला माड, तर वरची बाजू दाबलेली असते. वरून कापत गेलात तर कापाची फट मिटते आणि पट्टी चिमटते. तिथे वरून साधारण तिसरा हिस्सा कापायचा आणि उरलेलं खालून वर. एकच टोक टेकलंय आणि दुसरं हवेत आहे, तर उलट. आधी खालून तिसरा हिस्सा, मग वरून. खोड आडव्या अंगाने वाकून ताणलं गेलं असेल तर वाकाच्या आतल्या बाजूला उभं राहायचं, कारण सुटल्यावर ते बाहेरच्या बाजूला झेपावतं. कुठल्या अंगाला ताण आहे हे कळत नसेल तर ते खोड त्या दिवशी कापायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघितलं की बरेचदा कळतं.

दुसरी गोष्ट मुळासकट उपटलेल्या झाडाची, आणि ही वाचणाऱ्या सगळ्यांनीच लक्षात ठेवावी. उपटलेल्या झाडाला मुळांचा आणि मातीचा मोठा गड्डा उभा राहिलेला असतो, मागे खड्डा. जोवर खोड जोडलेलं आहे तोवर खोडाचं वजन त्या गड्ड्याला उभं धरतं. खोड बुंध्याजवळ कापलं की तो गड्डा, काही क्विंटलचा, फटकन मागे खड्ड्यात बसतो. कधी तासाभराने, कधी कापताक्षणी. पोरं त्या खड्ड्यात उतरून खेळतात, बायका तिथे सावलीला बसतात. बुंध्याशी कापण्याआधी मागे स्वतः जाऊन बघायचं आणि एक माणूस तिथे कुणी येऊ नये म्हणून लांब उभा करायचा. बुंध्याला दोन-तीन हात खोड शिल्लक ठेवून कापलं तर गड्डा बसण्याचा जोर कमी होतो, पण तो बसणारच नाही याची खात्री नाही.

एवढ्यावर तुमच्या काकांच्या फणसाचं उत्तर मिळालंच असेल. कौलांवर कललेलं उभं झाड, नाही. त्यातही कललेल्या झाडात एक खास ओंगळपणा असतो. मागून कापत आलात की मधेच खोड उभं चिरत जातं आणि चिरलेला मागचा भाग कापणाऱ्याच्या छातीवर उसळतो. फणस कापल्यावर तो कौलांकडे जाईल की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न.

पण हे काकांना असं सांगू नका. त्यांना तुमच्या छातीबद्दल ऐकून वाईट वाटेल आणि फणसाबद्दलचं मत तेच राहील. मी काय म्हटलं असतं ते लिहिते, तुमच्या बोलीत फिरवून घ्या. "काका, फणस उतरवायचा म्हणजे वरून तुकड्या-तुकड्याने दोराने सोडायला लागणार, नाहीतर तुमची कौलं आणि वासे गेले. तो माणूस मी बघतो, त्याच्या दिवशी मी रजा टाकून थांबतो, आणि खाली आलेलं सगळं लाकूड तुम्हाला हव्या मापाने मी कापून देतो." यात नाही हा शब्द कुठेच नाही, आणि तुम्ही तुमच्या हातच्या कामाला हो म्हटलंत. काका म्हणतील, "त्याला कशाला पैसे द्यायचे, तू आहेस ना?" तेव्हा पुन्हा तेच वाक्य म्हणायचं, नवीन कारण द्यायचं नाही. कारणं दिली की लोक कारणांशी वाद घालतात.

शिवाय तो फणस आहे. झाडं तोडण्याचं नियमन करणाऱ्या १९६४ च्या राज्याच्या कायद्यात ज्या जाती नावानिशी आहेत त्यांत आंबा आणि फणस दोन्ही येतात. आपल्याच जागेतलं झाड असलं तरी तोडायला परवानगी लागते. वन खात्याच्या तालुक्याच्या कार्यालयात अर्ज करा, घराला धोका आहे हे कारण स्पष्ट लिहा, झाड आणि कौलं एकत्र दिसतील असा फोटो जोडा. तिथला माणूस येऊन बघेल तेव्हा कदाचित असंही निघेल की झाड पाडायची गरजच नाही. कौलांकडच्या दोन फांद्या उतरवून वजन कमी केलं की पुरतं. धरता फणस तोडताना काकूंचा जीव कसा होतो हे काकांना विचारून बघा. मला वाटतं त्या घरात फणसाच्या बाजूचं एक मत नक्की आहे आणि ते अजून कुणी विचारलेलं नाही.

पैशांचंही बोलून टाकू. तुम्ही काही घेत नाही, शहाळी आणि सुपारी आली तर आली, असं अभिमानाने लिहिलंय. मला ते थोडं खटकलं. फुकट मिळतंय म्हणून जी फांदी कोयत्याने दहा मिनिटांत निघाली असती तिच्यासाठीही तुम्हाला हाक येते. शिवाय गावात झाडं उतरवून पोट भरणारी माणसं आहेत. तुम्ही त्यांचं काम फुकटात करता आणि कठीण फणस आला की त्यांना शोधायला जाता. पेट्रोल, टू-टी ऑइल आणि चेनची झीज एवढे तरी घ्या. वादळाची वाट मोकळी करायची असेल तेव्हा सोडून द्या. बोलावणी आपोआप निम्मी होतील आणि जी उरतील ती खरी गरजेची असतील. आईला हे आधी आवडणार नाही.

आता अंगावर काय घालायचं. हाफ पँट, चप्पल, गळ्यात पंचा, असं कापणारे गावोगाव दिसतात आणि धडधाकट फिरतात, हे मला माहीत आहे. या मशीनच्या जखमांत पायांचा वाटा मोठा असतो, त्यातही डाव्या मांडी-गुडघ्याचा. जीनने काहीच अडत नाही, चेन ती क्षणात पार करते. चेन सॉसाठी मिळणाऱ्या खास पँटमध्ये किंवा समोरून बांधायच्या कवचात लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते धागे बाहेर ओढले जाऊन आतल्या चाकात गुंततात आणि चेन बंद पडते. त्यावर किती वेगाच्या चेनपर्यंत चालतं त्याचा वर्ग लिहिलेला असतो. पहिला वर्ग म्हणजे सेकंदाला २० मीटर. बांधायचं कवच घ्या, कारण आपल्या हवेत पूर्ण पँट घालून कोणी दोन तास टिकणार नाही. मग काम सकाळी सात ते नऊमध्ये करा, अर्ध्या तासाने बसा, पाणी प्या. घामाघूम, थकलेला माणूस टोक कुठे आहे हे विसरतो. चेहऱ्यावर जाळी आणि कानाला मफ असलेलं हेल्मेट घ्या. या मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे मफ नसतानाही मागून मारलेली हाक तुम्हाला ऐकू येत नाही. मदतनीसाशी हाताच्या खुणा ठरवून घ्या. जवळ यायचं असेल तर समोरून, तुम्ही बघितल्यावरच. लाकूड पायाने दाबून धरणारा मदतनीस ठेवायचा नाही, त्याचं काम लांब उभं राहणं. एकट्याने तर कधीच नाही. मोबाईलला रेंज कुठे येते ती जागा आधी बघून ठेवा आणि १०८ माहीत असलेला कुणीतरी हाकेच्या अंतरावर असू दे. रक्त आलं तर स्वच्छ फडकं जोरात दाबून धरायचं आणि दवाखान्यापर्यंत सोडायचं नाही, हळद-चुना काही नाही.

सुरू करताना मशीन जमिनीवर, उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या मुठीवर, ब्रेक लावलेला, मग दोरी. एका हातात लटकवून दुसऱ्याने झटका मारायची पद्धत आजच बंद करा. कापताना डावा अंगठा पुढच्या मुठीखालून पूर्ण वळलेला असू दे, आणि शरीर पट्टीच्या रेषेच्या थोडं डावीकडे. पेट्रोल गार मशीनमध्येच ओतायचं आणि जिथे ओतलं तिथून तीन मीटर तरी बाजूला जाऊन सुरू करायचं. पेट्रोल आणि टू-टी ऑइलचं मिश्रण तेवढ्याच दिवसापुरतं करा. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये ओलावा धरतो, दोन महिने डब्यात राहिलेलं मिश्रण मशीनला घालू नका.

ताजा कलमातल्या पिठाचं उत्तर यातच येतं. धारदार चेन चिपट्या काढते, बोथट चेन पीठ. माडाचं खोड चेनची धार भराभर खातं, आणि पडलेल्या माडाच्या सालीत रेती-माती भरलेली असते, ती आणखी. कापण्याआधी कोयत्याने तेवढ्या पट्ट्यातली साल झाडून घ्या आणि पट्टीचं टोक जमिनीला लागू देऊ नका. एकदा मातीत गेलं की धार गेलीच. प्रत्येक टाकी पेट्रोल संपलं की गोल कानस फिरवायची, तुमच्यासारख्या मशीनच्या चेनला बहुधा ४.८ मिलिमीटरची, पण मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत बघून घ्या. आणि कृपा करून दातांपुढचे ते छोटे उंचवटे मनाला येईल तसे घासू नका. चेन जास्त खायला लागते म्हणून लोक ते घासतात. तेच उंचवटे दात किती खोल जाईल ते ठरवतात, आणि ते फार उतरले की पट्टी उसळण्याची शक्यता वाढते. बोथट चेनचा धोका असा, की माणूस अंगाचा भार देऊन दाबायला लागतो आणि काप अचानक सुटला की तोल पुढे जातो. पीठ दिसलं की थांबायचं.

राहिला काकांचा नातू. एकोणीस वर्षांचा, मशीन नेतो, कुठे काय कापतो ते तुम्हाला माहीत नाही, परत आणतो तेव्हा चेन मातीत लागलेली असते. तुमच्या सगळ्या पत्रात मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटली, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. त्याला मशीन द्यायचं नाही. चिडचिड होईल. "माझ्याशिवाय मशीन जात नाही, तुला कापायचं असेल तर रविवारी सकाळी माझ्याबरोबर ये" असं सांगा. खरंच आला तर आधी दोन रविवार त्याच्याकडून नुसती कानस मारून घ्या, ब्रेक कसा लागतो ते बघायला सांगा, चेनचा ताण गार असताना तपासायला शिकवा. पट्टीच्या खालून चेन लोंबायची नाही आणि हाताने मात्र सहज ओढता यायला हवी. मग तुमच्यासमोर, कवच बांधून, जमिनीवरचं जळण. त्याला यातच कमवायचं असेल तर दोराने झाडं उतरवणाऱ्या त्याच माणसाकडे त्याला पाठवा, ज्याला तुम्ही फणसासाठी बोलावणार आहात. आणि तोवर मशीन पडवीत ठेवू नका. स्पार्क प्लग काढून कपाटात ठेवा, किल्ली बायकोकडे द्या.